एक्केचाळीस दंडवत

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये शाकाहारी माणूस ही कायमची डोकेदुखी समजली जायची, आणि हृषिकेश गेली नऊ वर्षं ती डोकेदुखी इमानेइतबारे पुरवत होता. सॅलड, उकडलेला बटाटा, फार तर चीज घातलेले नूडल्स. काउंटरच्या पलीकडे अस्नाकेच उभी असायची. पंचावन्नच्या आसपासची, उंच, कपाळावर बारीकसा क्रॉस गोंदलेला. इथिओपियातल्या गोंदरकडची बाई, पण बत्तीस वर्षं जर्मनीत काढलेली. एरवी ती त्याच्या ताटात बटाटे टाकताना कीव आल्यासारखं बघायची. वर्षातले दोन महिने मात्र हसायची, कारण तिच्या ईस्टरच्या आधीचे पंचावन्न दिवस तिचाही उपास असायचा. मांस नाही, अंडं नाही, दूध-तूप नाही. तेव्हा ती घरून डबा आणायची आणि काउंटर बंद झालं की त्यातला अर्धा त्याच्या ताटात ओतायची.

पहिल्यांदा तो घास तोंडात घातला तेव्हा हृषिकेश म्हणाला होता, "हे तर पिठलं आहे."

"शिरो," ती म्हणाली.

"हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, तिखट?"

"गेनाऊ. बरोबर."

"मग पिठलंच."

"तुझ्या आजीनं माझ्या आजीकडून चोरलं असणार," असं म्हणून तिनं आणखी एक पळी वाढली होती. आंबोळीसारख्या जाळीदार इंजेराबरोबर ते पिठलं खाताना त्याला भाकरीचीही आठवण झाली नव्हती. जर्मनमध्ये तो तिला 'डू', म्हणजे 'तू' म्हणायचा, इथं सगळेच म्हणतात. मनातल्या मनात मात्र ती 'तुम्ही'च होती.

यंदाही डबा आला होता. शिरोही तोच होता. हृषिकेशला त्याची चव लागत नव्हती, एवढाच फरक.

ऑक्टोबरमध्ये वडील गेल्यापासून त्याला कशाचीच चव नव्हती. म्हणजे तो जेवत होता, झोपत होता, मुलीला, स्पृहाला, पोहायला नेत होता, बायको शमिकाबरोबर भांडी घासत होता. ऑफिसात गाडीचे सुटे भाग थरथरत्या टेबलावर बसवून त्यांचे आवाज मोजत होता. ते काम तर पूर्वीपेक्षा चोख होत होतं. त्या कामात एक गोष्ट नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात: पडद्यावर अगदी सरळ रेघ दिसली तर खूश व्हायचं नाही. कंपन नाही असा तिचा अर्थ नसतो, सेन्सरची वायर निघालेली असते. हृषिकेशनं हे कितीतरी पोरांना शिकवलं होतं. आता त्याच्याच सरळ रेघेकडे बघून लोक म्हणत, "किती धीराने घेतलंस रे," आणि तो मान हलवायचा.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी तो काउंटरपाशी गेला तेव्हा अस्नाकेचनं हात मागे घेतले. एरवी ती भेटली की खांद्याला खांदा लावून हालहवाल विचारायची. ऑक्टोबरनंतर तर दोन्ही हातांत त्याचा हात धरून उभी राहायची, आणि त्याला त्या हाताचं काय करावं ते कळायचं नाही.

"रागावलीस का?" त्यानं विचारलं.

"हा आठवडा हात मिळवायचा नाही, मुका घ्यायचा नाही. ज्यानं येशूला पकडून दिलं त्यानं मुका घेऊनच दिलं ना? म्हणून आम्ही आठवडाभर कुणाला भेटून अभिवादन करत नाही. पाद्रीसुद्धा मुका घ्यायला क्रॉस पुढे धरत नाही."

"पण ईस्टर तर होऊन महिना झाला."

"तुमचा झाला. तुमच्या कारफ्राईटागला, गुड फ्रायडेला, तू घरी कपाट जोडत बसला होतास, तूच सांगितलंस. माझा शुक्रवार या शुक्रवारी आहे. सिक्लेत, येशूला क्रुसावर चढवलं तो दिवस." तिनं डबा उघडला. "या आठवड्यात कोणी मेलं तरी त्याच्यासाठी प्रार्थना करत नाहीत. नुसतं पुरतात."

"मग त्याचं काय?"

"त्याचं काल झालं. काल रविवार होता ना? या आठवड्यात जो कोणी मरेल, त्याची प्रार्थना आधल्या रविवारीच म्हणून ठेवतात. सगळ्यांसाठी. तुझं-माझं सगळ्यांचं करून ठेवलंय. कोण राहील कुणाला ठाऊक!"

"आधल्या रविवारी," हृषिकेश म्हणाला. चमचा त्याच्या हातात तसाच राहिला.

आधल्या रविवारी सांगायचं. त्याचं नेमकं तेच राहिलं होतं.

हृषिकेशचे वडील आत्माराम फलटणच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तर रात्री जेवताना ती दोन मिनिटं त्यांच्या ताटात असायची. रिटायर झाल्यावर त्यांच्या हाताशी एकच गाडी उरली, ती म्हणजे रविवारी दुपारी एक वाजता येणारा मुलाचा फोन. साडेबाराला जेवण उरकून, फोन चार्ज करून, ते खिडकीतल्या खुर्चीत बसायचे. हृषिकेशच्या मोबाईलमध्ये रविवार सकाळ साडेनऊचा गजर लावलेला होता. तिकडचा एक म्हणजे इकडचे साडेनऊ.

फक्त उन्हाळ्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं एक तास मागे जातात, आणि त्या दिवसापासून इकडचे साडेनऊ म्हणजे तिकडचे दोन. दर वर्षी आधल्या रविवारी तो सांगायचा, "बाबा, पुढच्या खेपेपासून दोनला." आत्माराम "थांब, लिहितो" म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. मग मार्चपर्यंत दोनचं वेळापत्रक.

गेल्या ऑक्टोबरमध्ये तो सांगायला विसरला. कारण काही मोठं नव्हतं. स्पृहाला दात काढायला न्यायचं होतं, त्या गडबडीत फोन चार मिनिटांत संपला.

एकोणतीस तारखेला आत्माराम एकला बसले. सव्वा झाला, दीड व्हायला आला. आई बारामतीला तिच्या बहिणीकडे गेली होती. बाबांना वाटलं, फोन बिघडला. ते उठले, चप्पल घातली आणि उन्हात चालत स्टँडजवळच्या पद्माकरच्या मोबाईलच्या दुकानात गेले. "पोराचा फोन लागत नाहीये, बघ जरा," म्हणाले. पद्माकर फोन उघडून बघत होता तेवढ्यात ते पायरीवर बसले, ते बसलेच. त्यांना रिक्षात घालत असताना पद्माकरच्या हातात फोन वाजला. बरोबर दोन वाजता.

हृषिकेश फलटणला पोचल्यावर हे सगळं पद्माकरनं त्याला दुकानामागे नेऊन सांगितलं. "काकूंना मी बोललो नाही," म्हणाला. "तू काय ते बघ."

हृषिकेश घरी गेला, कॅलेंडर बघितलं. एकोणतीसचा चौकोन कोरा होता. आणि तेवढ्यात आईनं विचारलं, "एकच्या फोनवर बोलले ना रे ते तुझ्याशी? बोलून मगच गेले ना?"

"हो," तो म्हणाला.

या एका 'हो'वर पुढचे सहा महिने उभे होते. दर रविवारी आईचा प्रश्न ठरलेला असायचा. "ऋषी, त्या दिवशी अजून काय म्हणाले रे?" आणि तो एकेक वाक्य रचून द्यायचा. म्हणाले, पेरू छान आलेत. म्हणाले, स्पृहाला मराठी वाचायला शिकव. आई मनोरमा गावभर ती वाक्यं सांगायची. मग जानेवारीत तिच्या गुडघ्यानं फारच छळलं, डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते, ती ऐकेना. तेव्हा हृषिकेशनं तेही बाबांच्या तोंडी घातलं. "म्हणाले, आईला गुडघ्याचं करून घ्यायला सांग."

"असं म्हणाले?" आईनं विचारलं होतं. "मग ते शेवटचंच सांगणं झालं की रे."

ऑपरेशन येत्या सोमवारी होतं. सहा मे. सत्तर वर्षांची बाई, साखर वरखाली होणारी, एका माणसानं कधीच न म्हटलेल्या वाक्यावर विसंबून टेबलावर चढणार होती. हृषिकेशला हे समजत होतं. समजून भीती वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. सोमवारच्या आत सांगायला हवं, असा एक मुद्दा डोक्यात होता, बस्स. कामाच्या यादीत असतो तसा.

गुरुवारी अस्नाकेचनं विचारलं, "इंजिनिअर, उद्या ब्रुकेनटाग घेतलास?"

बुधवारी एक मेची सुट्टी, म्हणून निम्म्या ऑफिसानं गुरुवार-शुक्रवार जोडून घेतले होते, हृषिकेशनं फक्त शुक्रवार. शमिका स्पृहाला घेऊन बाड हॉम्बुर्गला मैत्रिणीकडे जाणार होती. "हो. का?"

"मला फ्रँकफुर्टला चर्चमध्ये सोडशील? जी मुलगी नेणार होती तिचं पोर आजारी पडलंय. माझ्याकडे एक मोठं पातेलं आहे, आणि हे गुडघे." तिनं गुडघ्यांकडे असं बघितलं, जसं लोक बिघडलेल्या लिफ्टकडे बघतात. "एस-बानच्या लोकलमध्ये पातेलं नेलं तर लोक मला जागा देतील, पण पातेल्याला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला तो तिच्या घरी गेला. स्वयंपाकघरात गहू आणि वाल उकडल्याचा वास होता. झाकण उचलून त्यानं बघितलं. घुगऱ्याच होत्या.

"आज एवढंच खायचं. तेही दुपारी, सगळं झाल्यावर," अस्नाकेच म्हणाली. तिनं पांढरी सुती ओढणी डोक्यावरून घेतली होती. "तोपर्यंत पाणीसुद्धा नाही. तुला देऊ?"

"नको." त्याचं लक्ष भिंतीवर गेलं. घड्याळात पावणेचार वाजले होते. "सेल संपलाय."

"बरोबर चाललंय ते. गावाचं आहे. आमच्याकडे दिवस उजाडल्यावर सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे आमचा एक. आणि तिथं आत्ता तुमच्यापेक्षा एक तास पुढे आहे."

"आणि हिवाळ्यात दोन तास."

"हिवाळ्यात दोन. पण ते हलत नाही, हलता तुम्ही. आई होती तोवर मी या घड्याळाकडे बघून फोन करायचे. तिला काय ठाऊक, इथले लोक वर्षातून दोनदा काटे फिरवतात! ती बिचारी शेजाऱ्याच्या फोनपाशी जाऊन बसायची." पातेल्याला फडकं बांधता बांधता ती म्हणाली, "चल, उचल."

हृषिकेश घड्याळाकडे बघत उभा होता.

"इंजिनिअर! पातेलं!"

गाडीचा एखादा भाग मोडला तर मूळ कारण शोधून अहवाल लिहायचा, हे त्याचं रोजचं काम. 'माणूस विसरला' हे मूळ कारण म्हणून कधीच चालत नाही. विसरता येईल अशी व्यवस्था का ठेवली, हे लिहावं लागतं. त्यानं असे शंभर अहवाल लिहिले होते. एका बाईनं बत्तीस वर्षांपूर्वी गावाच्या घड्याळासाठी एक खिळा ठोकून तो अहवाल संपवला होता.

गाडीत त्यानं विचारलं, "गावाकडे आज काय करतात?"

"पडतात आणि उठतात," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत सांगायला लागली. गोंदरला पहाटेपासून सगळं गाव चर्चच्या आवारात. देवळात एवढी माणसं मावतात कुठं! निलगिरीच्या झाडांखाली, उघड्यावर. सगळे अनवाणी, सगळे पांढऱ्यात. फक्त पाद्री काळ्यात. एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. येशूला कधी पकडलं, कधी मारलं, कधी खिळे ठोकले, ते तासातासानं वाचायचं, आणि मध्ये सारखं दंडवत. गुडघे टेकायचे, हात टेकायचे, कपाळ मातीला लावायचं, परत उभं राहायचं. शंभर, दोनशे, पाचशे. दुपार झाली की सगळ्यांच्या कपाळावर मातीचा एकसारखा टिळा. "माझी आजी ओच्यात वाटाणे घेऊन यायची. प्रत्येक दंडवताला एक वाटाणा इकडून तिकडे. ऐंशीव्या वर्षी ती एका वाटाण्यावरून पाद्र्याशी भांडली होती."

"रडतात का?"

"काही रडतात. काहींचे नुसते पाय दुखतात." तिनं त्याच्याकडे बघितलं. "तेही चालतं."

फ्रँकफुर्टमधल्या एका जर्मन चर्चचा हॉल तिच्या लोकांना भाड्यानं मिळाला होता. निलगिरी नव्हती, माती नव्हती. लाकडी पार्केटवर गालिचे अंथरले होते आणि दारात वर्तमानपत्रांवर चपला-बुटांच्या रांगा लावल्या होत्या. आत दोन-अडीचशे माणसं, सगळी पांढऱ्यात. हृषिकेशनं पातेलं मागच्या टेबलावर ठेवलं आणि किल्ल्या चाचपल्या.

"पातेलं रिकामं होऊन परत न्यायचंय," अस्नाकेच म्हणाली. "तीन वाजेपर्यंत बस."

"तीन?"

"गावाच्या मोजणीनं नऊ. नऊला येशू गेला. घरी काय करणार आहेस? कपाट?"

तो मागच्या खुर्चीवर बसला. पुढं एक म्हातारा पाद्री न समजणाऱ्या भाषेत वाचत होता, त्याला कंटाळवाणी, खोल चाल होती. दर थोड्या वेळानं सगळा हॉल खाली जायचा आणि वर यायचा. शेकडो गुडघ्यांचा, हातांचा जमिनीवर आवाज व्हायचा, आणि तो आवाज हृषिकेशच्या खुर्चीच्या पायांतून वर चढायचा. त्याच्या ओळखीची वारंवारता होती ती. आधी त्यानं सवयीनं मोजली. मग मोजणं थांबलं. अकरा वाजले, बारा वाजले. अस्नाकेच बायकांच्या बाजूला भिंतीपाशी खुर्चीत बसली होती. तिला खाली जाता येत नव्हतं, ती बसल्या बसल्या कपाळ गुडघ्यांना लावत होती. एकदाही चुकवत नव्हती.

अडीचच्या सुमाराला हृषिकेश उठून भिंतीशी उभा राहिला, कारण खुर्चीत पाठ अवघडली होती. तीनला वाचन संपलं. लोक रांगा करू लागले, आणि मागून येणाऱ्यांच्या रेट्यात तो कुठल्याशा रांगेत आला. पुढच्या टोकाला काळ्या झग्यातला एक मध्यमवयीन पाद्री होता, हातात ऑलिव्हची फांदी. लोक त्याच्यापुढे वाकून हलक्या आवाजात काहीतरी सांगत. तो फांदीनं पाठीवर टपटप मारी आणि एक आकडा सांगे. माणूस बाजूला जाऊन तेवढे दंडवत घाली.

अस्नाकेच काठी टेकत त्याच्या शेजारी आली. "तू कशाला उभा आहेस इथं?"

"माहीत नाही. हा आकडा कशाचा?"

"तू जी चूक सांगशील तिचा. फांदी गावाकडे रानातली असते. ही बाउमार्क्टच्या दुकानातल्या कुंडीतली. पण लागते तेवढीच."

"मी तुमच्यातला नाही."

"वाकायला कुणाला बंदी नाही," ती म्हणाली आणि बायकांच्या रांगेकडे निघून गेली.

रांग सरकत होती. निघून जाणं सोपं होतं. त्याच्या पुढं सात माणसं होती, मग चार, मग एक. मग फांदी. पाद्र्यानं त्याच्याकडे बघितलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "बोला."

हृषिकेश वाकला. गालिच्यावर निळी-लाल नक्षी होती. "मी एक तास उशीर केला," तो म्हणाला. आवाज स्वच्छ आला, ऑफिसात निकाल सांगावा तसा. "वडील वाट बघून बाहेर पडले आणि गेले. आणि आईला मी सांगितलं की आमचं बोलणं झालं. सहा महिने सांगतोय."

"आई आहे?"

"आहे."

पाद्र्यानं फांदी उचलली. "मग बरं आहे," म्हणाला. फांदी पाठीवर टेकली, सुकी पानं खरखरली. "एक्केचाळीस."

तो कोपऱ्यात गेला, बूट ठेवतात तिथं. पहिल्या दहांना काही वाटलं नाही. विसाव्याला मांड्या थरथरायला लागल्या. अस्नाकेच एक खुर्ची ओढून समोर येऊन बसली आणि बोटांवर मोजू लागली.

"चौतीस," तो धापा टाकत म्हणाला.

"तेहतीस."

"चौतीस झाले. मी मोजतोय."

"मी पण मोजतेय. मध्ये एकदा कपाळ टेकलं नाहीस. इंजिनिअर असून!"

"देवाला एक कमी चालेल."

"देवाला चालेल. मला नाही चालणार."

त्यानं तेहतीस धरले. एक्केचाळिसाव्याला तो खालीच राहिला. गालिच्याला धुळीचा आणि मेणाचा वास येत होता. तो वाट बघत होता, आता आत काहीतरी होईल. काही झालं नाही. मांड्या जळत होत्या. एवढंच होतं, पण ते तरी नक्की होतं.

घुगऱ्यांची वाटी तिनं हातात दिली. त्यात मीठ होतं. खाऊन तो मागच्या अंगणात गेला, सायकलींपाशी, आणि फोन काढला. इकडे पावणेचार, म्हणजे तिकडे सव्वासात.

"ऋषी? आज शुक्रवार ना? काय झालं?" आईचा आवाज एकदम वर गेला.

"काही नाही झालं. आई, एक सांगायचंय."

"अरे, टीव्ही बंद करते, थांब. हं."

"त्या दिवशी बाबांचं आणि माझं बोलणं झालंच नाही."

त्यानं सगळं सांगितलं, जसं झालं तसं, क्रमानं. घड्याळ मागं गेलं, आधल्या रविवारी सांगायचं राहिलं, कोरा चौकोन, दुकान, पायरी, पद्माकरच्या हातात वाजलेला फोन. सांगताना आपला आवाज कुठंच हलत नाही, हे त्याला ऐकू येत होतं.

"म्हणजे एकपासून बसले होते," आई म्हणाली.

"हो."

"ह्यांना वाटलं असेल, विसरला."

"फोन बिघडला असं वाटलं त्यांना. पद्माकरला तसं म्हणाले."

"हं. तू विसरलास असं नाही म्हणाले." मागे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. "आणि पेरूचं?"

"मी रचलं."

"गुडघ्याचं?"

"तेही."

"मी सगळ्या आळीला सांगितलंय रे ते. त्या डॉक्टरला पण सांगितलं."

"माहीत आहे."

"सहा महिने मला ह्यांची म्हणून तुझी वाक्यं खायला घातलीस." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, पण तेही लांबूनच. "ठेवते मी. भात लागेल."

फोन बंद झाला. अस्नाकेच दारात रिकामं पातेलं घेऊन उभी होती. तिनं पातेलं त्याच्या हातात दिलं आणि रेलिंग धरून एकेक पायरी उतरली.

शनिवारी हृषिकेशला जिना उतरता येईना. कठडा धरून, आडवा होत तो खाली आला, तेव्हा स्पृहा खिदळली. "पापा, मुस्केलकाटर! पाय धरलेत!"

"व्यायाम केलास?" शमिकानं विचारलं. तिला कालचं काही माहीत नव्हतं, आणि त्याआधीचंही.

"दंडवत घातले," तो म्हणाला. "बस जरा, सांगतो." मग तिलाही सांगितलं. ती ऐकून घेतल्यावर उठून गेली, पाणी घेऊन आली, आणि तिनं त्याच्या मांड्यांना तेल लावलं. दिवसभर आईचा फोन आला नाही. त्यानंही केला नाही. संध्याकाळी मोबाईलमधला साडेनऊचा गजर त्यानं काढून टाकला आणि नवा लावला: रविवार, दुपारी एक, भारताची वेळ. हिवाळ्यात तो साडेआठलाच वाजेल. वाजू दे.

रविवारी गजर वाजायच्या आधीच तो खिडकीशी बसला होता. ऑपरेशन उद्या होतं. ती फोन उचलेल की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. तिकडच्या एकला मिनिट राहिलं असताना त्यानं नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अजून एक वाजायचाय," आई म्हणाली.

"बरं."

"मी ह्यांच्या खुर्चीत बसलेय. बॅग भरलीय. उद्या आठला बोलावलंय, मावशी येतेय बरोबर."

"जाणार आहेस?"

"गुडघे माझे आहेत. ह्यांनी सांगितलं नव्हतं म्हणून दुखायचे थांबलेत का? पण आता तुझ्या सांगण्यावरून जातेय, हे लक्षात ठेव. काही झालं तर ते तुझं."

"माझं," तो म्हणाला.

मग तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "मला खरं सांग. त्या दिवशी लागला असता फोन एकला, तर काय बोलला असतास?"

हृषिकेशनं विचार केला. काही सुंदर सुचत नव्हतं आणि सुचावं असं वाटतही नव्हतं. "विचारलं असतं, जेवलात का."

"आणि?"

"ते म्हणाले असते, साडेबाराला."

"साडेबारालाच," आई म्हणाली. "दर रविवारी विचारायचास आणि दर रविवारी तेच सांगायचे." मग तिनं विचारलं, "तू जेवलास का?"

"अजून नाही. इथं सकाळ आहे."

"मग खाऊन घे काहीतरी," ती म्हणाली. फोन मात्र तिनं ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही.